कट्टीमणीबद्दल मी जे बोललो होतो

वाचकांचे प्रश्न : मैदानाच्या कडेने

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली. आपल्याच संघातल्या एखाद्या खेळाडूबद्दल आपण मत करून बसतो, पुढे ते मत टिकत नाही, मग काय करायचं? तिन्ही पत्रं एकत्रच घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्यात गोव्याचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्याशी माझाही हिशेब अडकलेला आहे.

प्रश्न : सर, मी एफसी गोवाचा पक्का पाठीराखा. कुडाळहून आम्ही सहा-सात मित्र गाडी करून फातोर्ड्याला सामने बघायला येतो. गेला अख्खा मोसम आमच्या एका सेंटरबॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) नावाने मी खडे फोडले. ‘याला काढा’ हे माझं पालुपदच झालं होतं. आता दोन महिने तो चांगला खेळतोय आणि मी तसं म्हटलं की मित्र म्हणतात, ‘टोपी फिरवलीस.’ मी बोलावं की गप्प बसावं? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : बोलावंस. ‘काढा’ म्हणताना तुझा आवाज जेवढा चढत होता, तेवढाच आताही चढू दे.

मी हे इतक्या ठामपणे का सांगतोय ते ऐक. 20 डिसेंबर 2015, रविवार. आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची अंतिम लढत, आणि तीही आपल्या फातोर्ड्यात. एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. आपल्या बाकावर प्रशिक्षक झिको, त्यांच्या बाकावर मातेराझी. मी भाच्याला घेऊन दुपारीच फोंड्याहून निघालो होतो. स्टेडियमबाहेर रोस ऑम्लेटच्या गाड्यापाशी उभं राहून आम्ही खाल्लं, आणि आत शिरलो तेव्हा बसायला धड जागा उरली नव्हती. चेन्नईने 54व्या मिनिटाला गोल केला, चार मिनिटांत हाओकिपने बरोबरी साधली. 87व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला आणि गोवा 2-1 ने पुढे गेलं. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते रडायला लागले. करंडक आपलाच, याबद्दल आमच्या स्टँडमध्ये कुणाच्याही मनात शंका उरली नव्हती.

90व्या मिनिटाला चेंडू आपल्या गोलकीपरकडून आपल्याच जाळ्यात गेला. लक्ष्मीकांत कट्टीमणी. फळ्यावर त्याच्याच नावापुढे स्वयंगोल लागला. त्यातून कुणी सावरायच्या आत, भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला मेंडोझाने तिसरा मारला. 3-2. संपलं.

त्या रात्री परतताना मी गाडीत जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाचा तेव्हा तेरा वर्षांचा होता, मागच्या सीटवर बसून ऐकत होता. पुढचे कित्येक आठवडे जो भेटेल त्याला मी एकच सांगत होतो : हा मुलगा मोठ्या सामन्याचा नव्हे, याचे हात ऐन वेळी कापतात. एकतीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलेल्या माणसाने म्हटलं की लोक ते खरं मानतात. मी म्हणालो म्हणून किती जणांनी ते पुढे चालवलं असेल, कुणास ठाऊक.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगत नव्हतो. त्याच सामन्यात, त्याच संध्याकाळी, कट्टीमणीने पेनल्टीही अडवली होती. मी ती डोळ्यांनी पाहिली होती. उभा राहून ओरडलो होतो. पण शेवटच्या तीन मिनिटांनी आधीची सगळी मिनिटं माझ्या डोक्यातून पुसून टाकली. गोलकीपरच्या नशिबी हे असतंच. स्ट्रायकरने चार संधी घालवून पाचवी साधली तर आपण त्याला डोक्यावर घेतो, आणि कीपरने चार वाचवून पाचवी सोडली तर त्याला घरी पाठवायला निघतो.

2019 साली तो हैदराबाद एफसीत गेला. तो संघ पहिल्याच मोसमात तळाला राहिला. मी पेपरात वाचलं आणि मनात म्हटलं, बरोबरच होतं माझं.

मग करोना आला. आयएसएलचे दोन मोसम अख्खे गोव्यात झाले, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान या तिन्ही ठिकाणी, पण आत एकही प्रेक्षक नाही. दाराशी फुटबॉल आलेला आणि आम्ही तो टीव्हीवर बघत होतो. 20 मार्च 2022 ला अंतिम सामन्यासाठी दारं उघडली. हैदराबाद विरुद्ध केरला ब्लास्टर्स. आपला संघ नव्हता, तरी गेलो. दोन वर्षांनी गवताचा वास घ्यायचा होता. गॅलरी केरळच्या लोकांनी पिवळीधमक झालेली. केरळचा गोल 68व्या मिनिटाला झाला. 88व्या मिनिटाला साहिल तावोराने लांबून बरोबरी साधली. जादा वेळेत काही निकाल लागला नाही. पेनल्टी शूटआउट. आणि हैदराबादच्या गोलमध्ये कोण? लक्ष्मीकांत कट्टीमणी. तेच मैदान, तोच माणूस, मध्ये सव्वासहा वर्षं.

त्याने केरळच्या लेस्कोविचचा फटका अडवला. मग निशू कुमारचा अडवला. पण तो गोलरेषा सोडून पुढे आला होता, म्हणून पंचांनी फटका पुन्हा घ्यायला लावला. बाबा रे, इथे जरा थांब. चेंडू अकरा मीटरवर ठेवलेला, गोल चोवीस फूट रुंद, फटका पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. त्यात फटका बसेपर्यंत एक पाय रेषेवर ठेवायचा. एकदा अडवून दाखवलेलं रद्द होतं, समोर तोच खेळाडू पुन्हा उभा राहतो, आणि आता ज्या कृतीमुळे फटका रद्द झाला ती पुन्हा करायची नाही. ज्याचे हात कापतात तो इथे संपतो. कट्टीमणीने दुसरा फटकाही अडवला. पुढे जीक्सन सिंगचाही अडवला. हैदराबादने 3-1 ने करंडक जिंकला.

मी उभा होतो आणि मला टाळ्या वाजवता येत नव्हत्या. घशात काहीतरी दाटून आलं होतं. भाच्याला तिथूनच फोन लावला. तोवर तो वीस वर्षांचा झालेला, शिकायला पुण्यात. त्याला म्हटलं, त्या रात्री गाडीत मी जे बोललो ते चूक होतं. त्याला ते सगळं शब्दन् शब्द आठवत होतं.

लोकांना वाटतं की 2022 च्या त्या रात्रीने माझं मत बदललं. तसं नाही. तसं असतं तर उद्या त्याने एखादा गोल सोडला की मी पुन्हा उलटलो असतो. त्या रात्रीमुळे मी फक्त मागे वळून पाहिलं. 2015 ची ती पेनल्टी आठवली, आणि त्याच्याआधीची एक गोष्टही आठवली. ती तर पुरती माझीच आहे.

2003 सालची शालेय स्पर्धा, पावसाळ्याचे दिवस. दुपारभर पाऊस कोसळून नुकतीच उघडीप झालेली. आमच्या शाळेचा गोलकीपर नववीतला, हडकुळा, पण उंच. समोरून मारलेला साधा सरपटी चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून गेला. मध्यंतराला मी त्याला सगळ्या मुलांसमोर बाहेर काढलं. कारण विचारलं नाही. त्याने हातमोजे काढले. चिखलाने जड झालेले, बोटांपाशी फाटलेले, आमच्या शाळेत तेवढा एकच जोड होता. ते त्याने बाकावर नीट एकमेकांशेजारी ठेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला आला नाही. मीही बोलावणं पाठवलं नाही. बऱ्याच वर्षांनी फोंड्याच्या बुधवारच्या बाजारात तो भेटला, हातात मुलगी होती. चार गोष्टी झाल्या. निघता निघता तो म्हणाला, ‘सर, तेव्हा ऊन डोळ्यांवर होतं. जमीन ओली, सगळं चमकत होतं. चेंडू दिसलाच नाही.’

त्याचा गोल पश्चिमेकडे तोंड करून होता. मी बाजूच्या रेषेवर उभा होतो, ऊन माझ्या पाठीला लागत होतं. चार पावलं चालून गोलमागे गेलो असतो तर मलाही ते दिसलं असतं.

तर आता तुझा सेंटरबॅक. तो चांगला खेळतोय म्हणतोस, ते का, हे बघितलंस का? गेल्या मोसमात त्याच्या शेजारी कोण होतं? त्याच्या बाजूचा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, सारखा वर जात होता का? फुलबॅक वर गेला की त्याच्या मागची रिकामी जागा सेंटरबॅकलाच भरावी लागते. तिथे पोचायला त्याला उशीर होतो, आणि गोल झाला की शेवटच्या चित्रात धापा टाकत मागे धावणारा तोच दिसतो. शिव्या त्यालाच पडतात. यंदा ती जागा दुसऱ्या कुणी भरली असेल तर तोच खेळाडू एकदम शहाणा दिसायला लागेल. कदाचित त्याच्यात सुधारणाही झाली असेल, तीही शक्य आहे. पण मित्रांना ‘आता तो भारी’ एवढंच सांगू नकोस. काय पाहिलंस ते सांग. कारण सांगता आलं तर कुणी त्याला टोपी फिरवणं म्हणणार नाही. आणि कारण सांगता येत नसेल तर मित्रांचं थोडं ऐक. मग तू फक्त निकालामागे वाहतो आहेस.

प्रश्न : सर, मी आणि माझी मोठी बहीण लंडनच्या आर्सेनल क्लबच्या चाहत्या, 2011 पासून एकही मोसम चुकवलेला नाही. 2019 च्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा सामना पाहिला आणि ग्रानित झाकाबद्दल मी फार वाईट लिहिलं. ‘पुन्हा हा शर्ट घालू नकोस’ हे त्यातल्या त्यात सौम्य. आज त्याची कारकीर्द पाहिली की ते वाचवत नाही. आम्हा इतक्या लोकांचं एवढं चुकलं कसं? – एक वाचक, पुणे

उत्तर : तो सामना मलाही आठवतो, 27 ऑक्टोबर 2019. आर्सेनल नवव्या मिनिटालाच 2-0 ने पुढे होतं आणि पॅलेसने 2-2 केलं. 61व्या मिनिटाला कर्णधार झाकाला बाहेर बोलावलं, त्याच्या जागी साका आला. झाका सावकाश चालत निघाला, आणि घरच्या एमिरेट्स मैदानावरच्या प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. त्याने हात हलवून ‘आणखी ओरडा’ अशी खूण केली, कानामागे हात धरला, शर्ट काढला आणि थेट बोगद्यातून आत निघून गेला. नऊ दिवसांत कर्णधारपद काढून घेतलं.

ताई, माझं मत थोडं वेगळं आहे. तुमचं सगळंच चुकलं नव्हतं. झाका पाठमोरा असताना चेंडू मिळाला की अडकायचा, वळायला वेळ लागायचा, आणि माणूस निसटला की त्याचा पाय ओढायचा. पुढेही डिसेंबर 2020 मध्ये बर्नलीच्या खेळाडूचा गळा धरून त्याने लाल कार्ड घेतलं, संघ घरच्या मैदानावर हरला. 2021 च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध आणि 2022 च्या जानेवारीत लिव्हरपूलविरुद्ध आणखी दोन लाल कार्डं. हे दोष खरे होते. ते पाहणाऱ्याची नजर वाईट म्हणता येणार नाही.

तुमचा घोटाळा वेगळ्या जागी झाला. त्याला जिथे उभं केलं होतं ती जागा आणि तो, यांत तुम्ही फरक केला नाही. बचावफळीच्या पुढ्यात, एकट्याने, मागून माणसं धावत येतायत अशा ठिकाणी तो मंद दिसणारच. 2022-23 मध्ये प्रशिक्षक आर्तेताने त्याला डावीकडे आणि वर सरकवलं. मागची राखण थॉमस पार्टीकडे दिली. झिंचेन्को डाव्या कडेवरून आत मध्यभागी यायला लागला, त्यामुळे झाकाला मागे वळून बघायचं कारणच उरलं नाही. तोंड गोलकडे, चेंडू डाव्या पायावर, समोर मोकळी जागा. त्या मोसमात लीगमध्ये 7 गोल आणि 7 असिस्ट, म्हणजे गोल करून देणारे पास. माणूस तोच. त्याच्या पाठीमागचं ओझं तेवढं उतरलं होतं.

तो त्याआधीच गेला असता. जानेवारी 2020 मध्ये बर्लिनच्या हेर्था क्लबशी त्याचं जवळजवळ ठरलं होतं. आर्तेता नुकताच आला होता, त्याने त्याला बसवून समजावलं आणि थांबवलं. त्या ऑगस्टमध्ये आर्सेनलने एफए कप जिंकला, रिकाम्या वेम्ब्लीत, चेल्सीला 2-1 ने हरवून. झाका त्या संघात होता. आणि ते दोन्ही गोल करणारा ओबामेयांग, म्हणजे ज्याला झाकाकडून काढलेलं कर्णधारपद मिळालं होतं, त्याच्याकडूनही डिसेंबर 2021 मध्ये ते शिस्तीच्या कारणावरून गेलं आणि महिन्या-दीड महिन्यात तो बार्सिलोनाला निघून गेला. तेव्हा आपण कुणाला उचलून धरत होतो आणि कुणाला खाली ओढत होतो, हे आज आठवून बघा.

28 मे 2023 ला वुल्व्ह्जविरुद्ध आर्सेनलकडून त्याचा शेवटचा सामना होता. पहिल्या चौदा मिनिटांत झाकाने दोन गोल केले. त्याला बाहेर बोलावलं तेव्हा तेच स्टेडियम उभं राहिलं आणि ‘थांब, जाऊ नकोस’ म्हणून गात होतं. त्याच गवतावरून तो पुन्हा त्याच बाकाकडे चालत गेला. पुढे लेव्हरकुसेनला गेला, तिथे पहिल्याच मोसमात एकही लीग सामना न हरता बुंडेसलीगा जिंकली, जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोलही त्याचाच. 2025 मध्ये तो इंग्लंडला परतला, संडरलंडचा कर्णधार म्हणून.

एका गोष्टीवर मात्र मी नरम पडणार नाही. पॅलेसच्या सामन्यानंतर झाकाने जे निवेदन केलं, त्यात लोकांनी त्याला काय काय लिहून पाठवलं होतं ते सांगितलं होतं. पाय तोडू, बायकोला मारू, मुलीला कॅन्सर होवो. मुलगी तेव्हा जेमतेम महिन्याची होती. ‘पुन्हा शर्ट घालू नकोस’ हे त्या पातळीचं नाही, मला मान्य आहे. पण ते त्याच ढिगात जाऊन पडलं, आणि ढिगाखाली एक सत्तावीस वर्षांचा बाप होता. पाय जड आहे, पास उशिरा देतो, हे हजारदा म्हणा, तो आपला हक्क आहे. त्याच्या घरापर्यंत जायचा आपल्याला काही हक्क नाही. तुम्ही लिहिलेलं तुम्हाला आज वाचवत नाही, याचा अर्थ हे तुम्हाला माझ्याआधीच कळलेलं आहे.

ते जिथे लिहिलं होतं तिथेच खाली दोन ओळी आज लिहा. तारीख घाला. जुनं पुसू नका.

प्रश्न : सर, एखाद्या खेळाडूबद्दल मत करायला किती सामने पाहावेत? आमच्याकडे एका सामन्यातच निकाल लावतात. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सामन्यांचा आकडा मी देणार नाही. एक सवय सांगतो, ती मला फार उशिरा लागली. दर सामन्यात दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. तुम्ही ज्याला नावं ठेवता त्या एकाच खेळाडूकडे बघा. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना तो कुठे उभा आहे, हात करून कुणाला जागा दाखवतोय का, सोबत्याची चूक झाली की त्याच्याकडे चालत जातो की पाठ फिरवतो. टीव्हीवर हे दिसत नाही, कॅमेरा चेंडूमागे धावतो. तुम्हाला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसायला मिळतं, तिथून ते लख्ख दिसतं.

आणि कोल्हापूरचं तुम्हाला वेगळं काय सांगू? तुमच्याकडे पाटाकडील असो, दिलबहार असो, खंडोबा असो, संघ तालमीचा आणि तालीम पेठेची. लंडनच्या चाहत्याला झाका रस्त्यात भेटत नाही. ज्याची तुम्ही संध्याकाळी हुर्यो उडवता तो मुलगा सकाळी तुमच्याच गल्लीतल्या दुकानात दूध घ्यायला येतो. एकदा त्यालाच विचारा, परवा त्या क्रॉसला तू पुढे का नाही आलास? त्याचं पूर्ण ऐकून घ्या. उत्तर आलं की मला कळवा, पुढच्या अंकात छापतो.